स्वतःच्या नक्षीचे कापड : डिजिटल छपाई पहिल्यांदा करून घेताना

आपण काढलेली नक्षी ओढणीवर किंवा साडीवर उतरलेली पाहावी, अशी इच्छा असलेल्या माणसाला पूर्वी फारसा मार्ग नव्हता. स्क्रीन छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळी चौकट करावी लागते आणि तो खर्च मोठ्या मालावर विभागला गेला तरच परवडतो. डिजिटल छपाईत चौकटच नसते. संगणकातील चित्र इंकजेट यंत्राच्या हेडमधून थेट कापडावर उतरते, त्यामुळे दहा मीटरचे कामही करून घेता येते. मात्र ही सोय मिळाल्यामुळे नवखा माणूस बहुधा आधी चित्र तयार करतो, मग छपाई करून देणारे युनिट शोधतो आणि कापडाचा विचार सर्वांत शेवटी करतो. हा क्रम उलटा आहे. यंत्रावरची छपाई हा या कामातला सर्वांत छोटा आणि सर्वांत कमी चुकणारा टप्पा असतो. माल बिघडतो तो छपाईच्या आधी कापडाची तयारी नीट न झाल्याने किंवा छपाईनंतरच्या वाफेत आणि धुलाईत. म्हणून या लेखात यंत्राविषयी कमी आणि कापडाविषयी जास्त लिहिले आहे. उदाहरणासाठी सुती मलमलच्या तीस ओढण्या छापून घ्यायच्या आहेत असे धरून चालू.

धागा ओळखा, म्हणजे शाई ठरेल

कोणत्या शाईने छापायचे हे आपल्या आवडीवर ठरत नाही, ते धाग्यावर ठरते. सुती, व्हिस्कोस आणि लिनन यांसाठी रिअॅक्टिव्ह शाई, रेशीम आणि लोकर यांसाठी अॅसिड शाई (रेशमावर रिअॅक्टिव्हही चालते), पॉलिस्टरसाठी डिस्पर्स म्हणजेच सब्लिमेशनची शाई, आणि जवळजवळ सगळ्यांवर बसणारी पिगमेंट शाई, अशी ही ढोबळ विभागणी आहे. दुकानदार "कॉटन आहे" म्हणाला म्हणून कापड सुती ठरत नाही. कापडातले दोनचार धागे ओढून चिमट्यात धरून जाळून पाहावेत. सूत कागदासारखे जळते आणि मऊ राख सोडते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो, तर रेशमाला जळलेल्या केसांचा वास येतो. ताणा (उभे धागे) आणि बाणा (आडवे धागे) दोन्हींतले धागे वेगवेगळे जाळावेत, कारण मिश्र कापडात एका दिशेला सूत आणि दुसऱ्या दिशेला पॉलिस्टर असू शकते.

घरी यंत्र ठेवून काम सुरू करायचे असेल, तर सब्लिमेशन हा आवाक्यातला मार्ग आहे. विशेष कागदावर चित्र उलटे छापायचे, तो कागद कापडावर ठेवायचा आणि हीट प्रेसमध्ये साधारण १९० ते २०० अंश सेल्सिअसला अर्धा ते पाऊण मिनिट दाबायचा. उष्णतेने रंगाची वाफ होऊन ती थेट पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते. दाबण्यापूर्वी कापड काही सेकंद रिकामेच तापवून त्यातली ओल काढावी, कागद सरकू नये म्हणून उष्णता सोसणारी चिकटपट्टी लावावी आणि खोलीत हवा खेळती ठेवावी. हे काम झटपट होते, पाणी लागत नाही आणि रंग पक्के बसतात, परंतु शुद्ध सुती कापडावर हा रंग धरतच नाही, आणि गडद कापडावर दिसत नाही. सुरतेतून येणाऱ्या छापील पॉलिस्टर साड्यांपैकी पुष्कळशा याच पद्धतीच्या असतात. आपल्या मलमलच्या ओढण्यांसाठी ती उपयोगाची नाही.

पिगमेंट शाईत रंगाचे कण बाइंडरने कापडावर चिकटवलेले असतात आणि ते उष्णतेने पक्के केले जातात. वाफ आणि धुलाई यांचा व्याप टळतो. उशांचे अभ्रे, पडदे, कापडी पिशव्या यांसाठी ती पुरेशी आहे. परंतु बाइंडरमुळे कापडाला किंचित ताठरपणा येतो आणि ओल्या घासण्याला गडद रंग कमी टिकतात, त्यामुळे अंगावर घ्यायच्या तलम मलमलसाठी मी ती निवडणार नाही. उरते ती रिअॅक्टिव्ह शाई.

रिअॅक्टिव्ह रंग कसा बसतो, हे आधी समजून घ्यावे

१९५४ साली इंग्लंडमधील आयसीआय कंपनीत रॅटी आणि स्टीफन या रसायनतज्ज्ञांना सुताशी रासायनिक बंध जोडणारा रंग सापडला आणि १९५६ मध्ये तो प्रोसिऑन या नावाने बाजारात आला. आजच्या रिअॅक्टिव्ह शाया त्याच कुळातल्या आहेत. हा बंध जुळण्यासाठी अल्कली, ओलावा आणि उष्णता या तिन्हींची गरज असते. अल्कली शाईतच घातली तर रंग बाटलीतच पाण्याशी संयोग पावून वाया जाईल, म्हणून ती आधी कापडात भरतात. सोडा, युरिया आणि समुद्री शेवाळापासून मिळणारे सोडियम अल्जिनेट यांच्या द्रावणातून कापड काढून वाळवले जाते. यालाच प्रीट्रीटमेंट किंवा कोटिंग म्हणतात. अल्जिनेट शाईचा थेंब पसरू देत नाही आणि युरिया वाफेत ओलावा धरून ठेवतो. छापलेले कापड मग साधारण १०२ अंश सेल्सिअसच्या वाफेत आठ ते दहा मिनिटे ठेवतात. शेवटी थंड पाण्याने, मग साबणाच्या उकळत्या पाण्याने आणि पुन्हा थंड पाण्याने धुऊन न बसलेला रंग काढून टाकतात.

वाफेपूर्वी छापलेले कापड मळकट आणि फिके दिसते. युनिटमध्ये यंत्राखालून निघालेला माल पाहून घाबरून जाणारे नवखे ग्राहक मी अनेकदा पाहिले आहेत. रंगाचा न्याय वाफ आणि धुलाई झाल्यावरच करावा. उलट, धुलाईत काटकसर केलेला माल त्या दिवशी अधिकच तेजस्वी दिसतो आणि ग्राहकाच्या घरी पहिल्या धुण्यात बादलीभर रंग सोडतो.

अल्जिनेटऐवजी साधी खळ का चालत नाही, याचे कारण फार महत्त्वाचे आहे. स्टार्च हा सुताच्या सेल्युलोजचा जवळचा भाऊ असल्यामुळे रंग त्याच्याशीही बंध जोडतो आणि धुलाईत खळीबरोबर निघून जातो. मागावर विणताना ताण्याला जी कांजी दिलेली असते, ती कापडातून पूर्ण निघालेली नसेल तर नेमके हेच घडते. माझ्या पहिल्या कामात मी नमुना एका ताक्याचा दिला आणि माल दुसऱ्या ताक्याचा पाठवला. दुसऱ्यात कांजी शिल्लक होती आणि निळ्या पार्श्वभूमीवर ढगांसारखे फिके डाग उमटले. चूक युनिटची नव्हती, माझीच होती.

कोरे कापड तपासून घ्या

इचलकरंजी, भिवंडी किंवा मालेगावच्या मागांवरून निघालेले कापड ग्रे, म्हणजे कोरे असते. त्यातली कांजी काढणे, तेल आणि मेण उकळून काढणे आणि विरंजन करणे या प्रक्रिया झाल्यावर ते छपाईयोग्य होते. बाजारात अशा कापडाला आरएफडी (रेडी फॉर डाइंग) म्हणतात. आरएफडी कापडाला ऑप्टिकल व्हाइटनर, म्हणजे निळसर चमक देणारे द्रव्य, दिलेले नसावे. मऊपणासाठी सिलिकॉन लावलेले तयार पांढरे कापड तर या कामी घेऊच नये, कारण ते पाणी शोषत नाही आणि कोटिंग सारखे बसत नाही.

दोन परीक्षा घरीच करता येतात. कापडावर पाण्याचा एक थेंब सोडावा. तो चारपाच सेकंदांत शोषला गेला तर उकळणी नीट झाली आहे, मोत्यासारखा उभा राहिला तर नाही. औषधाच्या दुकानातल्या टिंक्चर आयोडिनचा थेंब टाकावा. डाग काळानिळा झाला तर कांजी शिल्लक आहे. या परीक्षा ताक्याच्या दोन्ही टोकांना, मध्ये आणि किनारीजवळ कराव्यात. पाच मिनिटांचे काम आहे, पण ते न करता शंभर मीटर कापड पाठवणारे लोक पुष्कळ आहेत.

त्याबरोबर पन्ना, म्हणजे कापडाची रुंदी, मोजावा. ४४ इंच पन्ना सांगितला असला तरी किनारीजवळचा साधारण एक-एक इंच छापता येत नाही असे धरून रचना करावी. कापड सुताला तिरके आहे का, हेही पाहावे. बाण्याचा एक धागा ओढून त्या रेषेवर कात्री चालवली आणि कडा किनारीशी काटकोनात आली नाही, तर सरळ रेषांची, चौकटींची किंवा काठाची नक्षी त्यावर वाकडी दिसणार, मग यंत्र कितीही चांगले असो.

आकसणे आणि मापाचे गणित

नव्या सुती कापडाचा तुकडा घेऊन त्यावर न जाणाऱ्या पेनाने ५० सेंटिमीटरचा चौकोन आखावा, कापड तीन वेळा धुऊन वाळवावे आणि पुन्हा मोजावे. लांबी ४८ सेंटिमीटर भरली तर आकसणे ४ टक्के झाले. ताण्याच्या आणि बाण्याच्या दिशेचे आकडे वेगळे येतात, म्हणून दोन्ही लिहून ठेवावेत. आपल्या ओढणीची धुतल्यानंतरची लांबी २५० सेंटिमीटर हवी असेल आणि लांबीत ४ टक्के कापड आकसत असेल, तर २५० भागिले ०.९६, म्हणजे सुमारे २६० सेंटिमीटर छापावे लागेल. अडीच मीटरला ४ टक्के मिळवूनही २६०च येते, म्हणून हा फरक येथे जाणवत नाही. परंतु आकसणे ८-१० टक्के असणाऱ्या सैल विणीच्या कापडात भागाकारच करावा. गोल नक्षी अंडाकृती होणे हा दोषही येथूनच येतो, कारण लांबी आणि रुंदी वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात.

नक्षीची फाइल

कापडाचा पोत कागदाइतका गुळगुळीत नसल्यामुळे प्रत्यक्ष मापाला दर इंचामागे १५० पिक्सेल साधारणपणे पुरतात. अगदी बारीक रेषा किंवा अक्षरे असतील तरच ३०० लागतात. आपली २६० सेंटिमीटरची ओढणी म्हणजे १०२ इंचांहून थोडी जास्त, म्हणून लांबीला सुमारे १५,४०० पिक्सेल हवेत. मोबाइलवर काढलेले ४,००० गुणिले ३,००० पिक्सेलचे छायाचित्र याच हिशेबाने केवळ २६ गुणिले २० इंचांपर्यंत नीट छापता येते, हे लक्षात ठेवावे. लहान चित्र संगणकावर ताणून मोठे केल्याने पिक्सेलचा आकडा वाढतो, तपशील वाढत नाही. फाइल टिफ प्रकारात द्यावी. जेपेगमध्ये सपाट रंगाच्या कडांना चट्टे येतात आणि कापडावर ते आश्चर्य वाटावे इतके स्पष्ट दिसतात.

संपूर्ण ओढणीचे एकच चित्र न करता एक चौकट पुन्हापुन्हा छापायची असेल, तर त्या चौकटीला रिपीट म्हणतात. चौकटीच्या कडा जुळतात की नाही हे पाहण्यासाठी चित्र निम्म्या रुंदीने आणि निम्म्या उंचीने सरकवावे, म्हणजे सांधे मध्यभागी येतात आणि तुटलेली पाने, अर्धवट फुले लगेच डोळ्यांत भरतात. शेजारची चौकट अर्ध्या उंचीने खाली सरकवून बसवली तर तिला हाफ ड्रॉप म्हणतात. बुट्ट्यांच्या नक्षीत त्यामुळे नको असलेल्या आडव्या ओळी तयार होत नाहीत. हे सगळे करूनही नक्षी एकदा कागदावर प्रत्यक्ष मापात छापून भिंतीवर लावावी आणि दहा फुटांवरून पाहावी. संगणकाच्या पडद्यावर नाजूक वाटलेले फूल अंगावर ताटाएवढे निघते, हा अनुभव जवळजवळ प्रत्येकाला येतो.

साडी करणाऱ्यांसाठी येथे थोडे थांबतो, कारण साडीची रचना ओढणीहून फार वेगळी आहे. साडी नेसल्यावर कापडाची लांबी कमरेभोवती आडवी जाते, म्हणून अंगावरची उभी नक्षी, म्हणजे झाड, मोर, दीपमाळ असे काही, पन्न्याच्या दिशेने उभे ठेवावे लागते. पदर मात्र खांद्यावरून पाठीवर खाली सोडला जातो, म्हणजे तेथे कापडाची लांबीच उभी होते. पदरावरची चित्रे ९० अंशांत फिरवून, पदराचे टोक हा तळ मानून बसवावी लागतात. हे विसरल्यास पदरावरचे मोर आडवे झोपलेले दिसतात. पहिल्या वेढ्याचा सुमारे मीटरभर भाग आत जातो, तेथे दाट नक्षी घालून शाई आणि मेहनत वाया घालवू नये. काठ दोन्ही बाजूंना असला तरी खालचा काठच पूर्ण दिसतो, त्यामुळे तो मोठा आणि वरचा अरुंद ठेवण्याची जुनी पद्धत छपाईतही योग्यच ठरते.

रंगतक्ता, आणि मगच रंग

संगणकाच्या पडद्यावरचा रंग प्रकाशाचा असतो आणि कापडावरचा शाईचा, त्यामुळे दोन्ही तंतोतंत जुळत नाहीत. चमकते निऑन रंग येत नाहीत, आणि खोल काळा किंवा नेव्ही निळा मिळवणे शाई, कापड आणि वाफ या तिन्हींवर अवलंबून असते. पडद्यावर तासन्‌तास रंग बदलत बसण्यापेक्षा युनिटकडून आपल्याच कापडावर रंगतक्ता छापून घ्यावा. दोनतीनशे छोटे चौकोन, प्रत्येकाखाली त्याचा आकडा, आणि तो तक्ता वाफ व धुलाई करून मिळालेला असावा. त्यानंतर पडद्याकडे न पाहता तक्त्यावरचा रंग निवडायचा आणि त्याचा आकडा फाइलमध्ये टाकायचा. एका मीटरचा हा खर्च मला या व्यवसायातली सर्वांत फायद्याची गुंतवणूक वाटते. यंत्र, शाई किंवा कापड बदलले की तक्ता मात्र नवा करावा लागतो.

रिअॅक्टिव्ह शाईत पांढरा रंग नसतो. नक्षीतला पांढरा म्हणजे कापडाचा स्वतःचा पांढरा, त्यामुळे गडद कापडावर फिकी नक्षी या पद्धतीने येणार नाही. मोठे सपाट एकरंगी क्षेत्र हीसुद्धा यंत्राची परीक्षा असते, कारण हेडच्या फेऱ्यांचे आडवे पट्टे तेथेच उघडे पडतात. सपाट पार्श्वभूमीत थोडा पोत, ठिपके किंवा ब्रशचे फटकारे घातले की हे पट्टे लपतात. ओढणीच्या दोन्ही बाजू दिसतात, म्हणून मागच्या बाजूला रंग किती उतरतो हेही नमुन्यातच पाहून ठेवावे. तलम मलमलमध्ये तो बऱ्यापैकी उतरतो, दाट कापडात उलटी बाजू फिकी राहते.

नमुना आणि त्याची परीक्षा

पूर्ण मालाआधी निदान एक मीटर नमुना, ज्याला या व्यवसायात स्ट्राइक-ऑफ म्हणतात, प्रत्यक्ष ताक्यातल्याच कापडावर छापून, वाफवून, धुऊन घ्यावा. नमुन्याचा एक तुकडा पांढऱ्या सुती कापडाला शिवून कोमट पाण्यात साबणाने धुवावा आणि पांढऱ्यावर रंग चढतो का पाहावे. दुसऱ्या तुकड्यावर ओले पांढरे फडके दहा वेळा दाबून घासावे. तिसरा तुकडा अर्धा जाड पुठ्ठ्याने झाकून उन्हाच्या खिडकीत दहा दिवस ठेवावा. मोठ्या ग्राहकाला किंवा निर्यातीला माल द्यायचा असेल तर प्रयोगशाळेतून तपासणी करावी; धुलाई आणि घासणी यांचा पक्केपणा १ ते ५ आणि प्रकाशाचा पक्केपणा १ ते ८ या श्रेणीत सांगतात, आकडा जितका मोठा तितका रंग पक्का.

युनिटशी दर ठरवताना तो दर नेमका कशाचा आहे हे लेखी घ्यावे. काहींच्या दरात फक्त छपाई असते. कोटिंग, वाफ, धुलाई, फिनिशिंग आणि वाहतूक वेगळी लागते. ताक्याच्या सुरुवातीचे आणि शेवटचे कापड यंत्रावर चढवताना वाया जाते, म्हणून हिशेबापेक्षा काही मीटर जास्त पाठवावे. सगळ्या तीस ओढण्या एकाच लॉटमध्ये छापून घ्याव्यात, कारण आठवड्याने छापलेल्या दुसऱ्या लॉटची छटा थोडी तरी वेगळी येते. पावसाळ्यात जास्त सावध राहावे लागते. कोटिंग केलेले कापड हवेतली ओल ओढते, आणि छापून वाफेविना पडून राहिले तर नक्षीच्या कडा पसरतात. कोकणपट्टीच्या जुलैत हे एका रात्रीतही होऊ शकते. छपाई आणि वाफ एकाच छताखाली होते का, हा प्रश्न म्हणूनच दराआधी विचारावा.

सांडपाण्याचे काय करता, हाही प्रश्न अवघडून न जाता विचारावा. धुलाईतून न बसलेला रंग, सोडा आणि युरिया पाण्यात जातात, आणि इचलकरंजीजवळच्या पंचगंगा नदीकाठच्या लोकांना कापड प्रक्रियेच्या पाण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

नक्षी कोणाची?

इंटरनेटवर सापडलेले दुसऱ्याच्या हक्काचे चित्र परवानगीशिवाय उतरवून छापणे बेकायदेशीर आहे, हे सांगायला नको. स्वतःच्या नक्षीबाबत मात्र एक बारकावा बहुतेकांना माहीत नसतो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १५ नुसार, जे डिझाइन नोंदणीयोग्य असूनही डिझाइन कायदा, २००० खाली नोंदवलेले नाही, त्यातला कॉपीराइट औद्योगिक पद्धतीने ५० हून अधिक वस्तू निघाल्यावर संपतो. नोंदणीचे संरक्षण आधी १० वर्षे आणि वाढवून आणखी ५ वर्षे मिळते, परंतु अर्ज नक्षी जगापुढे आणण्यापूर्वी करावा लागतो. तीस ओढण्यांना ही पन्नासची मर्यादा लागू नाही. पुढची मागणी दोनशेची आली तर लागू आहे. पैठणीला आणि वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशनाची (जीआय) नोंदणी आहे. पैठणीच्या काठाची छापील नक्कल "पैठणी" म्हणून विकणे हा ग्राहक आणि विणकर, दोघांच्याही विरोधातला अपराध आहे.

माल हातात आल्यावर

ओढण्या उजेडात उभ्या टांगून तपासाव्यात. बारीक पांढरी रेष सलग दिसली तर हेडचे छिद्र बंद होते, ठरावीक अंतराने आडवे पट्टे दिसले तर कापडाची सरक चुकली, आणि कडेला शाईचा फराटा असेल तर कापड उचलले जाऊन हेडला लागले. असे दोष छायाचित्रासह त्याच दिवशी कळवावेत. कापड कापल्यावर किंवा कडा शिवल्यावर कोणतेही युनिट तक्रार ऐकत नाही. कापडाचा ताका, फाइलचे नाव, रंगांचे आकडे, छपाईची तारीख यांची नोंद एका वहीत ठेवावी आणि छापलेल्या कापडाचा वीतभर तुकडा तिथेच टाचावा, कारण सहा महिन्यांनी तीच ओढणी पुन्हा मागितली गेली की युनिटला दाखवायला तो तुकडाच उपयोगी पडतो.

विकताना प्रत्येक ओढणीबरोबर धुण्याची सूचना द्यावी : पहिल्यांदा वेगळी धुवावी, थंड पाणी आणि सौम्य साबण वापरावा, ब्लीच टाळावे, सावलीत वाळवावी आणि उलट्या बाजूने इस्त्री करावी. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो ही घरोघरची समजूत या सूचनेत लिहू नये. मीठ रंगवण्याच्या द्रावणातला रंग सुताकडे ढकलण्यास मदत करते, पण वाफेत न बसलेला रंग ते नंतर बसवू शकत नाही.